वाळवंटी किनाऱ्यावर कॅम्प टाकून वटवाघळं (आणि बाकीची रात्रपाळीवाली मंडळी) कशी बघायची

वाळवंट थेट समुद्राला येऊन भिडतं अशा जागा जगात फार नाहीत. नामिबियाचा किनारा, पेरू आणि उत्तर चिलीतला अटाकामा, मेक्सिकोतला बाहा कॅलिफोर्निया, ओमान, लाल समुद्राच्या दोन्ही बाजू, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा काही भाग, झालं. दुपारी तिथं उभं राहिलात तर वाटतं इथं काय ठणठणाट आहे, एक कावळा पण दिसत नाही. पण सूर्य बुडाला की हाच किनारा एकदम गजबजतो, कारण एका बाजूला उपाशी जमीन आणि दुसऱ्या बाजूला भरपूर खाऊ घालणारा समुद्र, त्यामुळं जे काही जगतंय ते सगळं रात्रीचं या मधल्या पट्ट्यात उतरतं. मुंगीपासून तरसापर्यंत.

आता यात खरी गोष्ट अशी की तुम्ही काय बघणार हे महागड्या कॅमेऱ्यावर किंवा दुर्बिणीवर फार कमी अवलंबून असतं, कॅम्प कुठं टाकलात आणि कुठल्या तिथीला टाकलात यावर जास्त असतं. म्हणून आधी तेच.

तारीख ठरवताना चंद्र बघा, भरती पण बघा

बरेच लोक सरळ अमावस्या धरतात, कारण अंधार. बरोबर आहे, बरीच वटवाघळं चांदण्यात उघड्यावर यायचं टाळतात, विंचू पण चांदण्या रात्री कमी बाहेर पडतात, आणि समुद्रातला चमकणारा प्रकाश (तो सूक्ष्म जीवांमुळं येतो, लाट फुटली की निळसर लखलखतो) बघायचा तर काळोख लागतोच. पण अमावस्येला आणि पौर्णिमेला उधाणाची भरती असते हे विसरून चालत नाही, आणि काही वाळवंटी किनाऱ्यांवर ती भयंकर असते, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या (बाहा आणि मेक्सिकोची मुख्य भूमी यांच्यामधला समुद्र) वरच्या टोकाला भरती-ओहोटीतला फरक 6-7 मीटरपर्यंत जातो आणि किनारा सपाट असल्यामुळं पाणी शेकडो मीटर आत-बाहेर करतं. संध्याकाळी लांब दिसणारा समुद्र रात्री दोन वाजता तंबूच्या दोऱ्यांपाशी असू शकतो.

मला विचाराल तर वद्य षष्ठी ते नवमी हे दिवस सगळ्यात भारी. चंद्रोदय रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकत असतो, त्यामुळं अष्टमीच्या आसपास तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. म्हणजे संध्याकाळचे पहिले चार-पाच तास, जे वटवाघळांसाठी सगळ्यात महत्त्वाचे, ते पूर्ण अंधारात मिळतात, नंतर चंद्र वर आला की टॉर्च न लावता कोल्हे-बिल्हे दिसतात, आणि भरती भांगाची असते त्यामुळं पाणी फार वर येत नाही. एकाच तारखेत तिन्ही गोष्टी जमतात. शुद्ध अष्टमीला भरती लहानच असते पण चंद्र नेमका संध्याकाळी डोक्यावर असतो, म्हणजे काम उलटं होतं.

अपवाद एकच, काही विशिष्ट गोष्ट बघायची असेल तर तिच्या वेळापत्रकानं जा. कॅलिफोर्नियाच्या आखातात गल्फ ग्रुनियन नावाचे छोटे मासे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर झुंडीनं वाळूवर येऊन अंडी घालतात, तेही चक्क दिवसाउजेडी सुद्धा, आणि त्यांच्यावर कुरव, पेलिकन, कोल्हेकुई करणारे कायोटी सगळे तुटून पडतात. ते बघायचं तर उधाणच पकडायला लागणार.

जागा

वाळवंटी किनाऱ्यावर सुकलेल्या ओढ्याच्या पात्रात तंबू टाकायचा मोह होतो, सपाट असतं, वारा लागत नाही, झाडं असतात. टाकू नका. पाऊस पन्नास किलोमीटर लांब डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडं येतो, तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असलं तरी. दुसरं, भरतीरेषेवर जो वाळलेल्या शेवाळाचा, काड्यांचा पट्टा असतो तो कालच्या भरतीचा असतो, त्याच्या वर आणखी एक जुना, फिकट, वाळलेला पट्टा शोधा, तो उधाणाचा. तंबू त्याच्याही वर. साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधून हातभर खोल पुरायची, ती हलत नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा जोरात सुटतो आणि बहुतेक वेळा सूर्यास्ताच्या आसपास पडतो, त्यामुळं संध्याकाळी चारला वैतागून जागा बदलायची घाई करू नका.

आता वटवाघळांसाठी काय बघायचं. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात, दिवसा झोपायला फट, प्यायला गोडं पाणी आणि किडे (किंवा मध, किंवा मासे, ते पुढं सांगतो). दिवसा एक चक्कर मारून या तिन्ही गोष्टी हेरून ठेवायच्या. कड्याच्या उभ्या फटीच्या तोंडाशी तेलकट काळपट डाग दिसला, खाली काळ्या बारीक लेंड्या दिसल्या तर बहुधा वसाहत आहे. उंदराची लेंडी वाळली की कडक होते, किडेखाऊ वटवाघळाची काडीनं दाबली की चुरा होते आणि आत किड्यांच्या पंखांचे चकचकीत तुकडे दिसतात. काडीनं, बोटानं नाही. गरम दुपारी फटीतून चिवचिव पण ऐकू येते.

गोडं पाणी सापडलं तर लॉटरीच. वटवाघूळ उडता उडता पाण्यावर झेप घेऊन जिभेनं पाणी उचलतं, त्यामुळं त्याला थोडी तरी मोकळी, झाडंझुडपं नसलेली पाण्याची सपाटी लागते. वाळवंटात असं डबकं एखादंच असतं म्हणून आसपासच्या सगळ्या जाती तिथंच येतात. आणि नेमकं म्हणूनच तिथं तंबू टाकायचा नाही, कारण तुम्ही बसलात की कोल्हा, हरीण, रातवा, सगळे तहानलेले लांब थांबून राहतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात तर प्राण्यांची पाण्याची वाट अडेल असा कॅम्प पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत टाकायला कायद्यानंच बंदी आहे. चारशे मीटर हे माप कुठंही वापरायला चांगलं आहे. तंबू लांब, आणि संध्याकाळी तासभर पाण्याजवळ गुपचूप येऊन बसायचं, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, मग उठून जायचं.

पाणी नसेल तर वाळूच्या टेकडीची आडोशाची बाजू, खारफुटीची कड, किंवा भरतीनं फेकलेल्या शेवाळाचा ढीग. त्या कुजक्या ढिगात माश्या आणि वाळूत उड्या मारणारे बारीक जीव खच्चून असतात, वास मारतो खरा, पण खाणारे सगळे तिथंच येतात.

दगड हलवू नका हे वेगळं सांगतो कारण कॅम्पिंगवाल्यांना चुलीभोवती आणि तंबूभोवती दगड रचायची फार हौस असते. कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या बेटांवर मासे खाणारं एक वटवाघूळ राहतं, मायोटिस विवेसी, जगात दुसरीकडं ते जवळजवळ कुठंच नाही, आणि ते गुहेत लटकत नाही, दिवसा किनाऱ्यावरच्या दगडांच्या राशीत, सपाट धोंड्यांच्या खाली झोपतं. त्याच फटींत आणि बिळांत स्टॉर्म पेट्रेल हे छोटे समुद्रपक्षी घरटी करतात. एक धोंडा उचलला म्हणजे कुणाचं तरी छप्पर गेलं. या बेटांवर उतरायला परवाना पण लागतो.

सूर्यास्ताच्या आधी बसून घ्या

वटवाघळं बघायची खरी वेळ म्हणजे सूर्यास्तानंतरची पहिली 40-50 मिनिटं, आकाशात अजून उजेड असतो आणि ती काळी आकृती होऊन दिसतात. लहान किडेखाऊ जाती आधी निघतात. अमेरिकेच्या वाळवंटातलं कॅन्यन बॅट तर कधीकधी सूर्य बुडायच्या आधीच फिरायला लागतं, लोकांना वाटतं पाखरूच आहे. पश्चिमेकडं तोंड करून, फटीच्या थेट समोर न बसता बाजूला बसायचं, उडण्याच्या वाटेत उभं राहिलं तर ती आतच घुटमळतात. जमिनीवर आडवं झोपून आकाशाकडं बघितलं तर अजून छान, मानही दुखत नाही. टॉर्च फटीकडं मारायचा नाही, अजिबात नाही, पिल्लांच्या दिवसांत तर माद्या त्रास झाला की जागा सोडून जातात आणि पिल्लं मरतात.

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला 20-30 मिनिटं लागतात आणि मोबाइलचा स्क्रीन एकदा पेटवला की पुन्हा पहिल्यापासून. मोबाइल खिशात. हेडलॅम्पला लाल मोड असेल तर तो, तोही मंद. दुर्बीण 8×42 ची आणा, कारण पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट म्हणजे 42/8 म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात जातो, आणि खिशात मावणाऱ्या 10×25 मधून फक्त अडीच. तिन्हीसांजेला हा फरक लगेच कळतो, छोट्या दुर्बिणीत नुसता करडा चिखल दिसतो.

कोण कोण दिसेल हे जागेवर आहे. काही अशी आहेत की त्यांच्यासाठी मुद्दाम जावं.

मासे खाणाऱ्याचं नाव घेतलंच. त्याचे मागचे पाय अंगाच्या मानानं अवाढव्य आणि नखं लांब, चपटी, गळासारखी. पाण्यावरून अगदी खालून उडत नखं पाण्यात घालतं आणि बारीक मासे, कोळंबीसारखे जीव उचलतं. नांगरलेल्या होडीतून किंवा खडकाच्या टोकावर बसून शांत पाण्यावर बघत राहायचं.

मग निवडुंगाची वटवाघळं. बाहा आणि सोनोराच्या वाळवंटात कार्डोन नावाचा खांबासारखा अजस्र निवडुंग आहे, किनाऱ्यापर्यंत वाढतो, साधारण एप्रिल ते जूनमध्ये फुलतो. पांढरी फुलं संध्याकाळी उमलायला लागतात आणि रात्री लांब नाकाची, लांब जिभेची वटवाघळं येऊन त्यात डोकं खुपसतात, बाहेर येतात तेव्हा तोंड परागांनी पिवळं. ही मेक्सिकोतून उत्तरेकडं फुलांच्या मागोमाग सरकत जातात. त्यातली लेसर लाँग-नोज्ड ही जात अमेरिकेच्या धोक्यातल्या यादीतून 2018 मध्ये बाहेर निघाली, सावरली म्हणून त्या यादीतून काढलेलं ते तिथलं पहिलं वटवाघूळ. बघायला एखादं खालच्या उंचीवर फुललेलं झाड दिवसा निवडून ठेवा, रात्री 8-10 मीटरवर बसा, फूल आकाशाच्या पार्श्वभूमीवर येईल असं. भेट अर्ध्या सेकंदाची असते, पण सारख्या होत राहतात.

आणि माझं आवडतं म्हणजे विंचू खाणारी. अमेरिकेत पॅलिड बॅट आणि अरबस्तान-उत्तर आफ्रिकेकडं हेम्प्रिखचं लांबकान्या वटवाघूळ, दोघं वेगवेगळ्या खंडातली पण धंदा एकच. जमिनीपासून जेमतेम उंचीवर हळू उडायचं, विंचवाच्या पावलांची खसखस कानानं टिपायची आणि वरून धपकन अंगावर पडायचं, नांगी बसली तरी फारसं बिघडत नाही. ही बघायची तर आकाशाकडं नाही, मोकळ्या कडक जमिनीकडं लक्ष ठेवायचं. पॅलिड बॅट कार्डोनच्या फुलांवर मध प्यायला पण येतं, म्हणजे विंचू जेवण आणि वर गोड.

पेरू आणि उत्तर चिलीच्या किनाऱ्यावर रक्तपिपासू वटवाघळं पण आहेत, ती तिथल्या सी-लायनचं आणि समुद्रपक्ष्यांचं रक्त पितात. तिथं उघड्यावर झोपायचं नाही, तंबूची चेन पूर्ण बंद. ओमानमध्ये कपारीत राहणारं इजिप्शियन फळवटवाघूळ दिसू शकतं, ते जिभेनं टकटक करून वाट काढतं आणि ती टकटक आपल्याला कानानं ऐकू येते, म्हणजे डिटेक्टर (वटवाघळांचा आपल्याला न ऐकू येणारा आवाज ऐकवणारं यंत्र) नसेल तरी चालतं.

डिटेक्टर

माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी, आणि बहुतेक वटवाघळं 20 ते 100 च्या पट्ट्यात ओरडत असतात. आपल्या डोक्यावर अक्षरशः आरडाओरडा चालू असतो आणि आपण म्हणतो किती शांत आहे. हा आवाज आहे हे यंत्रानं पकडून दाखवलं ग्रिफिन आणि पियर्स यांनी 1938 मध्ये, आज तेच काम खिशातला डिटेक्टर करतो.

स्वस्तातला हेटरोडाइन प्रकार असतो, त्यात चकती फिरवून एक फ्रिक्वेन्सी लावायची आणि तिच्या आसपासचा आवाज ऐकू येतो. सुरुवात 40-45 वर करा. टकटक-टकटक ऐकू आली की चकती हळू खाली-वर करा, जिथं आवाज सगळ्यात भरीव, ठसठशीत येतो तो आकडा लिहून घ्या. 20-25 च्या आसपास मोठा, विरळ ठोका आला तर उंचावरून वेगात उडणाऱ्या जाती. 100 च्या पुढं शिट्टीसारखा गाणारा सूर आला तर नालनाक्या-पाननाक्यांच्या घराण्यातलं कुणीतरी, अरबस्तानातलं त्रिशूळनाक्या वटवाघूळ साधारण 110-120 च्या पट्ट्यात असतं. आणि ठोके जवळ जवळ येत शेवटी एकच टर्रर्र झालं तर समजायचं की किडा सापडला, निदान प्रयत्न तरी झाला. ते टर्रर्र मोजत बसायला फार मजा येते, एका तासात किती झाले त्यावरून कळतं की जागा खाण्याची आहे की नुसती जाण्यायेण्याची.

फोनला जोडायचे डिटेक्टर मिळतात, ते आवाजाचा आलेख दाखवतात आणि जात कुठली याचा अंदाज पण सांगतात. अंदाज म्हणजे अंदाजच, त्यांच्या यादीत तुमच्या किनाऱ्यावरच्या जाती नसतील तर ते बिनधास्त भलतंच नाव ठोकून देतात. रेकॉर्डिंग ठेवा, नावावर विसंबू नका. ऑडिओमॉथ सारखा छोटा रेकॉर्डर असेल तर तो रात्रभर ठेवून झोपता येतं, सेकंदाला 250 हजार नमुन्यांचं सेटिंग लावलं तर त्याच्या निम्म्या, म्हणजे 125 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो, त्रिशूळनाक्यासाठी इतकं तरी लागतंच. प्लास्टिक पिशवीत हवाबंद ठेवा कारण किनाऱ्यावरचं धुकं आणि खारट दव इलेक्ट्रॉनिक्स खातं, पण पिशवी माइकवर फडफडणार नाही अशी ताणून बांधा.

गंमत म्हणजे किनाऱ्यावर डिटेक्टरला खोटे आवाज फार. तंबूच्या कापडाची सळसळ, वाळूवरची पावलं, खिशातल्या किल्ल्या, नाकतोडे, सगळ्यांत अल्ट्रासाऊंड असतो. (किल्ल्या वाजवून डिटेक्टर चालू आहे का ते तपासता येतं, बरं पडतं.) लाटांचा फसफसाट पण मध्ये येतो. म्हणून वाळूच्या टेकडीच्या मागं बसा, डिटेक्टरचं तोंड समुद्राकडून फिरवा, आणि सिंथेटिक जॅकेट घालून सारखी चुळबूळ करू नका. दाट धुक्यात किंवा जोरदार वाऱ्यात फारसं काही येणार नाही, त्या रात्री सरळ दुसरं बघा.

दुसरं म्हणजे काय काय

विंचू बघायला अतिनील टॉर्च न्या. विंचवाच्या कवचातले काही पदार्थ त्या प्रकाशात हिरवट-निळे झगझगतात, दहा-पंधरा पावलांवरून दिसतात, आणि दिवसा जिथं एकही दिसला नव्हता तिथं रात्री इतके असतात की पाय कुठं ठेवू असं होतं. 395 नॅनोमीटरवाला टॉर्च स्वस्त असतो पण जांभळा उजेड खूप पसरतो, 365 वाला चांगला. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही हे लक्षात ठेवा. पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड असलेल्यांपासून जास्तच लांब राहा, साधारणपणे जहाल ते असतात. डोळ्यात टॉर्च मारू नका, ना स्वतःच्या ना दुसऱ्याच्या. नामिबच्या वाळूत अतिनील टॉर्चखाली जाळीदार पायांची एक पाल पण निऑनसारखी हिरवी चमकते, त्याचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे अगदी काल-परवाची गोष्ट.

साधा टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर, कानशिलाजवळ धरून लांबवर फिरवला की प्राण्यांचे डोळे चमकतात. वाळूवर दवबिंदूसारखे हिरवे-निळे ठिपके दिसले तर ते कोळी, जवळ जाऊन बघा. जमिनीलगत लालसर-नारिंगी दिवा आणि एकदम उडाला तर रातवा. दोन डोळे जोडीनं हलतायत, थांबतायत, पुन्हा हलतायत तर कोल्हा नाहीतर कायोटी, आणि तो बहुतेक तुमच्या जेवणाच्या डब्याकडं बघतोय. अन्न गाडीत किंवा घट्ट झाकणाच्या पेटीत, आणि बूट तंबूच्या आत घ्या, कोल्ह्यांना चामडं आवडतं. खायला घालू नका, एकदा सवय लागली की पुढच्या कॅम्पवाल्यांना त्रास आणि शेवटी त्या प्राण्याचा जीव जातो.

नामिबियाच्या स्केलेटन कोस्टवर गोष्टच वेगळी, तिथं तपकिरी तरस आणि कोल्हे सीलच्या वसाहतींवर जगतात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पिल्लं झाली की जास्तच, आणि वाळवंटातले सिंहसुद्धा किनाऱ्यावर उतरून सील आणि समुद्रपक्षी मारतात. तिथं रात्री पायी भटकणं वगैरे विसरा, जिथं परवानगी आहे तिथंच राहायचं आणि गाडीतून बघायचं. पण पहाटे धुकं असेल तर टेकडीच्या माथ्यावर काळे भुंगे शोधा, डोकं खाली आणि पार्श्वभाग वर करून उभे असतात, धुक्याचे थेंब पाठीवर जमून तोंडात घरंगळतात. पाणी प्यायची याहून जबरी पद्धत मी तरी ऐकली नाही.

कासवांचं मात्र नीट ऐका. ओमानच्या रास अल जिन्झसारख्या पुळणीवर हिरवी समुद्री कासवं अंडी घालतात, तिथं रात्री गाईडबरोबरच जाता येतं, आणि ते बरोबरच आहे. पण इतर कुठल्याही मोकळ्या किनाऱ्यावर टॅंकच्या पट्ट्यासारखा रुंद माग वाळूत दिसला तर तंबू उचला, शेकोटी नको, पांढरा दिवा नको. मादी वर येत असताना हालचाल किंवा उजेड दिसला तर अंडी न घालताच परत फिरते. तिच्या मागच्या बाजूला, लांब, खाली बसून राहायचं, फ्लॅश कधीच नाही. पिल्लं बाहेर आली की ज्या बाजूचं क्षितिज उजळ तिकडं धावतात, तुमचा कंदील उजळ असेल तर तुमच्याकडं येतील आणि सकाळी उन्हात मरतील. उचलून पाण्यात सोडायचं पुण्य पण करू नका, दिवा बंद करा आणि वाटेतले खड्डे बुजवा, तेवढं पुरे.

भूतखेकडे मिनिटभर स्तब्ध राहिलं की बिळातून आपोआप बाहेर येतात. समुद्रात पाय घालताना पाय उचलून टाकू नका, वाळूतून घसटत चला म्हणजे वाळूत लपलेला पाकट मासा आधीच सटकतो. आणि हिवाळ्यात, जानेवारी ते मार्च, बाहाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सान इग्नासिओसारख्या खाडीपाशी असाल तर रात्री तंबूत पडल्या पडल्या करड्या देवमाशांचे फुसकारे ऐकू येतात. त्यासाठी काही करायला लागत नाही, जागं राहायला लागतं बस.

वटवाघळाला हात लावायचा नाही

अमेरिका खंडात वटवाघळांत रेबीज असतो, बाकीच्या जगात त्याचे भाऊबंद विषाणू असतात, ऑस्ट्रेलियात पण. दात इतके बारीक की चावलेलं कळत पण नाही. जमिनीवर पडलेलं, दिवसा फडफडणारं वटवाघूळ म्हणजे बहुतेक आजारी किंवा जखमी, ते उचलायचं नाही, मुलांना आधीच बजावून ठेवा. चावलं, ओरखडलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर, लक्षणं दिसायची वाट बघायची नाही कारण लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. वाळवंटी किनाऱ्यावरून दवाखाना चार-सहा तास लांब असू शकतो, लस कुठं मिळते ते निघायच्या आधी काढून ठेवा. तंबूत घुसलं तर सगळे बाहेर या, दिवे बंद, चेन उघडी, ते आपणहून जातं. पण झोपेत असताना घुसलं असेल तर चावा दिसो न दिसो, डॉक्टरला सांगायचंच.

गुहांच्या आत जायचं नाही. वसाहत उठते हे एक, आणि विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसाचा बुरशीचा आजार होतो हे दुसरं. गुहेच्या तोंडाबाहेर बसून जे दिसतं ते आत जाऊन दिसणाऱ्यापेक्षा कधीही जास्त.

सकाळी

उन्हं तिरपी असतात तो पहिला तासभर वाळू वाचायची. सूर्य समोर ठेवून चाललं की ठशांच्या सावल्या उठून दिसतात. तंबूभोवती रात्री एक गोल फिरून वाळू हातानं सपाट करून ठेवली असेल तर कोण कोण येऊन गेलं याची हजेरी मिळते, भुंग्यांची शिवण, सापाची तिरकी तुटक रेघ (ही दिसली की आजूबाजूला वाळूत पुरलेला साप असू शकतो, हात टेकवू नका), कोल्ह्याची सरळ ओळीतली पावलं. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत हे सांगायला नको.

टिपणं लगेच लिहा. तारीख, सूर्यास्ताची वेळ, पहिलं वटवाघूळ कधी दिसलं, वारा, धुकं, चंद्र, डिटेक्टरचा आकडा, उडायची उंची आणि पद्धत. नाव माहीत नसलं तरी हे सगळं उपयोगी पडतं. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) फोटो-आवाज टाकणार असाल तर वसाहतीची किंवा कासवाच्या घरट्याची नेमकी जागा लपवायचं सेटिंग आहे ते लावा, आणि फोनमधल्या फोटोत लोकेशन आपोआप चिकटतं ते ग्रुपवर टाकायच्या आधी काढून टाका.